चि. सागर यास पत्र

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणतोस, हे ऐकल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. फोनवर तू बॅनर, गाड्या आणि खर्च एवढंच बोललास, म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्या सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना, आपल्या आबासाहेबांना, 11 वेळा विधानसभेत पाठवलं. पहिल्यांदा 1962 साली. पक्ष शेवटपर्यंत शेकापच, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. मंत्रिपद दोनदाच, तेही थोडक्या काळासाठी. बाकी बहुतेक हयात विरोधी बाकांवर गेली. हा 11 चा आकडा तुला पाठ असेल. मला सांगायचंय ते 1995 चं. त्या वर्षी आबासाहेब 192 मतांनी पडले, आणि त्यांच्याविरुद्ध पडलेल्या मतांत एक मत माझं होतं. हे तुझ्या आईलाही आजवर सांगितलेलं नाही. इतकी वर्षं निवडून देऊन शेताला पाणी नाही, असा राग मनात होता.

निकालानंतरही ते एसटीनंच फिरताना दिसायचे. एकदा त्याच गाडीत मी मागच्या सीटवर मान खाली घालून बसलो होतो. पुढं लोक उठून त्यांच्याजवळ जात होते, विहिरीचं, रेशनचं, कोर्टातल्या तारखेचं सांगत होते. आमदारकी गेलीय हे जणू कुणाच्या गावीच नव्हतं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत ते होतेच. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत दुष्काळी तालुक्यांत आणायचं, हा तो लढा. 1999 ला तालुक्यानं त्यांना परत निवडून दिलं. त्या वेळी मी सकाळी सातलाच रांगेत होतो.

पाणी यायला फार उशीर लागला, सागर. आपल्या ओढ्याला पहिल्यांदा आलं तेव्हा तुझी आजी काठी टाकून खाली उतरली. पाणी गढूळ होतं. तिनं ओंजळ भरून तोंडावर मारलं, मग हळदकुंकू वाहिलं. जन्मभर टँकरमागं घागर घेऊन पळालेली बाई ती.

रविवारी येशील तेव्हा गाडी दारातच ठेव. वरच्या वस्तीची पाण्याची पाइपलाइन महिनाभर फुटलेली आहे. वही घे, आपण दोघं चालत जाऊ. अर्जाचं नंतर बघू.

तुझा,
अप्पा