खालची खोली

मानेवाडा, नागपूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू रोज फोनवर वानखेडेकाकांचं विचारतेस आणि मी "बरे आहेत" म्हणून सोडून देते. बरे नाहीत. तंबाखूच्या खर्र्यानं कॅन्सर होऊन गालाला आरपार भोक पडलंय. वास इतका, की नातू दारातूनच परतायचा. मग घरी येणाऱ्या नर्सताईंनी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकायला शिकवलं. आता नातू त्यांच्या खाटेवर बसून क्रिकेट बघतो. मंगळवार-शनिवारचं ड्रेसिंग मी करते. पहिल्या दिवशी मला ओकारी आली होती, खोटं कशाला सांगू.

दुखणं थांबवायला दर चार तासांनी मॉर्फिन, सोबत पोट साफ व्हायचं औषध. काकू घाबरल्या, सवय लागेल म्हणून. काकांनी पाटीवर लिहिलं, "खर्रा सुटला, आता काय लागते!"

बाबा, आजीला हे मिळालं नाही. "घरी न्या" म्हणून सोडलं, चिठ्ठीवर फक्त पॅरासिटामॉल. तुम्ही म्हणायचे, भोग आहेत. भोग नव्हते हो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांची एवढी कटकट केली, की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच कचरायचे. २०१४ मध्ये तो कायदा सैल झाला, आजी त्याआधीच गेली. शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौरकडे, सरकारी परवान्यानं अफू पिकते. तिच्यापासूनच मॉर्फिन होतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

केरळात कोझिकोडच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये अशा बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं दुखणं हलकं करायचं हे काम सुरू केलं आणि पुढं ते गल्लीगल्लीतल्या लोकांनी उचललं. थोडेथोडे पैसे काढायचे, घरी जाऊन बसायचं. आपल्या गल्लीतही तसंच चाललंय. किराणावाल्याच्या गल्ल्याशेजारी डबा आहे, ऑटोवाले भाऊ नर्सताईंना आणतात, पोट्टे पाळीनं रात्री जागतात. भांडणंही होतात. नगरसेवकाच्या फोटोचं बॅनर लावायचं की नाही, यावर दोघं अजून बोलत नाहीत.

एक एअर बेड काकांकडे आहे. दुसरा आणि ऑक्सिजनचं मशीन माझ्या स्वयंपाकघरात पडलंय. बाबा, खालची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामीच आहे. भाडं मिळणार नाही, लाइटबिल आम्ही भरू.

किल्ली आईनं तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच काढीन.

तुमची,
मंजू