जबड्याच्या उपचारात उच्चारांची तपासणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जबड्याच्या व्यंगावरील उपचारांविषयी जे छापून येते, त्यात चेहऱ्याच्या ठेवणीची चर्चा भरपूर असते, चावण्याच्या त्रासाचा थोडाफार उल्लेख असतो, बोलण्याविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करताना या दुर्लक्षामुळे होणारे प्रौढांचे नुकसान मी जवळून पाहते, आणि ते टाळता येण्याजोगे आहे अशी माझी खात्री आहे, म्हणून हे पत्र.

मूल बोबडे बोलू लागले तर घरचे त्याला डॉक्टरांकडे नेतात. तिशी-पस्तिशीतल्या माणसाचा ‘स’ नीट उमटत नसेल, तर ‘त्याची बोलण्याची पद्धतच तशी’ म्हणून विषय संपतो. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या आडनावात ‘स’ दोनदा येत होता. फोनवर नाव सांगितले की पलीकडून ‘काय म्हणालात?’ असा प्रश्न ठरलेला, म्हणून त्याने फोन करणेच सोडले होते आणि जमेल तेवढे काम लेखी निरोपांवर चालवले होते. तोंड मिटल्यावर त्याच्या दाढा एकमेकींना टेकत, पण पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये बोट जाईल एवढी फट राहत असे, आणि ‘सात’ म्हणताना त्या फटीतून जिभेचे टोक बाहेर डोकावे. नीट तोंड उघडून बोल, घाई करू नकोस, असे सल्ले त्याला आयुष्यभर मिळाले. आरसा धरून ती फट मात्र कोणी दाखवली नव्हती.

खरे तर कारण समजायला अवघड नाही. ‘स’ उच्चारताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीजवळ जाते, तिच्या मधोमध एक अरुंद पन्हळ तयार होते आणि त्यातून वेगाने निघालेली हवा पुढच्या दातांच्या कडांवर आदळून तो तीक्ष्ण ध्वनी उमटतो. पुढचे दात जुळतच नसतील तर ती कड हवेच्या वाटेत योग्य जागी येत नाही, आणि फट बुजवायला जीभ पुढे सरकते. खालचा जबडा पुढे आलेला असेल तर त्याच्याबरोबर जीभही पुढे येते. अशा काही व्यक्तींच्या ‘व’मध्ये खालचा ओठ वरच्या दातांकडे जाण्याऐवजी वरचा ओठ खालच्या दातांना टेकताना दिसतो. उलट खालचा जबडा मागे असेल, तर ‘प’, ‘ब’, ‘म’साठी दोन्ही ओठ मिटायला कष्ट पडतात. मराठीत तर ‘चमचा’तला च वेगळा आणि ‘चहा’तला च वेगळा, ‘जाळे’तला ज वेगळा आणि ‘जीवन’तला ज वेगळा, जिभेच्या इतक्या बारीक हालचालींवर उभे असलेले हे भेद अशा तोंडात सांभाळणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करावी.

तरीही व्यंग जितके मोठे तितके बोलणे सदोष, असा सरळ हिशेब इथे लागू पडत नाही. जीभ आणि ओठ अडचणीतून वाट काढतात, त्यामुळे जबड्यात मोठा फरक असूनही स्वच्छ बोलणारी माणसे भेटतात आणि लहानशा फटीमुळे त्रासलेलीही भेटतात. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेले, आजही वापरात असलेले दातांच्या जुळणीचे वर्गीकरण वरच्या आणि खालच्या पहिल्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावर आधारलेले आहे. दातांच्या उपचारासाठी ते मोलाचे आहे, पण रुग्ण कसा बोलतो हे त्यातून कळत नाही, क्ष-किरण चित्रातूनही कळत नाही. त्यासाठी रुग्णाला बोलते करून ऐकावे लागते, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

प्रौढांमध्ये हाडांची वाढ थांबलेली असल्याने तारांनी दात सरकतात, जबडा सरकत नाही. मोठ्या व्यंगात म्हणूनच तारांच्या जोडीला शस्त्रक्रिया करतात : हाड कापून नव्या जागी आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी स्थिर करतात. त्यानंतर काही काळ सूज असते, खालचा ओठ अनेकांना बधिर वाटतो, आणि बोलणे आधीपेक्षाही अस्पष्ट होते. हे आधी सांगितलेले नसले की रुग्ण धास्तावतो. पुढे बऱ्याच जणांचे उच्चार सुधारतात, पण सर्वांचे नाही, कारण फट बुजली तरी वर्षानुवर्षांच्या सवयीने जीभ जुन्याच जागी जाते. अशा वेळी उच्चारांचा सराव खरा उपयोगी पडतो. याउलट दात जुळतच नसताना महिनोन्‌महिने केवळ सराव करून घेणे आणि प्रगती नाही म्हणून रुग्णालाच दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

दुभंगलेल्या टाळूवर लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. वरचा जबडा पुढे आणला की मऊ टाळूही पुढे ओढली जाते, घशाच्या मागच्या भिंतीशी तिचे मिटणे अपुरे पडू शकते आणि हवा नाकातून निसटून बोलणे गेंगाणे होऊ शकते. चेहरा सुधारला आणि बोलणे बिघडले, हे शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा टाळूची हालचाल आधी तपासून रुग्णाला विश्वासात घेतलेले बरे.

माझी विनंती दंतवैद्यक आणि शल्यचिकित्सेतील सहकाऱ्यांना आहे. तारा लावण्यापूर्वी, शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर साधारण वर्षभराने रुग्णाच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण व्हावे, आणि वाचा-उपचारतज्ज्ञाचे मत उपचाराच्या योजनेतच यावे. विमा कंपन्यांनीही असे उपचार सरसकट सौंदर्योपचार म्हणून नाकारू नयेत, कारण बोलणे ही चावण्याइतकीच जबड्याची गरज आहे.

वाचकांपैकी ज्यांचे दात पूर्वी जुळत होते आणि अलीकडे जुळेनासे झाले आहेत, त्यांनी वाट पाहू नये. सांध्याचा आजार, दुर्लक्षित राहिलेला अस्थिभंग, किंवा वाढीच्या संप्रेरकाचे प्रौढ वयात वाढलेले प्रमाण, ज्यात जबड्याबरोबर अंगठी आणि चपलाही घट्ट होऊ लागतात, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. काही मिनिटांत किंवा तासांत जीभ जड होऊन बोलणे बिघडले तर जबड्याचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे, कारण ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते. बदल हळूहळू झाला असेल, तर तपासणीला येताना काही वर्षांपूर्वीचे स्वतःच्या आवाजाचे एखादे मुद्रण जरूर आणावे. जुना आणि आजचा उच्चार शेजारी ठेवून ऐकता आला की निदानाला मोठी मदत होते.

आपली विश्वासू,
एक वाचा-उपचारतज्ज्ञ