खेळांच्या संग्रहालयात आधी मोजमाप, मग पडदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळ आणि डिजिटल तंत्रज्ञान यांचा मेळ घालणाऱ्या संग्रहालयांविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्याचा रोख बहुतेक वेळा पडद्यांवर असतो: किती मोठा, किती झगमगीत, त्रिमिती आहे की नाही. अशी दालने घडवण्याच्या कामात असलेल्या आम्हा काही जणांना वाटते की इथे विचाराचा आणि खर्चाचाही क्रम उलटा पडतो आहे. खेळाच्या दालनात माणूस उडी मारतो, धावतो, चेंडू फेकतो आणि यंत्र ते मोजून त्याला दाखवते. मोजमापच चुकले तर भव्य पडदा ती चूक भव्य करून दाखवतो, एवढेच. मुलांच्या हे पटकन लक्षात येते. दोन सारख्याच उड्यांना एकदा 22 आणि एकदा 41 सेंटीमीटर आले, की तिसरी उडी ती यंत्राला फसवण्यासाठी मारतात.

उडीचेच घ्या. उंची थेट मोजणे अवघड, म्हणून बहुतेक ठिकाणी पाय हवेत किती वेळ होते ते मोजतात आणि उंची काढतात: गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले आठ. पाय अर्धा सेकंद हवेत असतील तर उंची सुमारे 31 सेंटीमीटर येते, 0.6 सेकंद असतील तर 44. नुसत्या दशांश सेकंदाने 13 सेंटीमीटरचा फरक पडतो. पाय सुटले की फळीवरचे वजन नाहीसे होते आणि टेकले की परत येते, त्यावरून हा वेळ कळतो. आता स्वस्त वजनकाट्यांत वजनाचा क्षीण संकेत वाढवून वाचण्यासाठी (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर म्हणून) वापरतात तो एचएक्स711 हा भाग पाहा. तो मूळ जोडणीत सेकंदाला फक्त 10 वेळा वजन वाचतो, म्हणजे उडीसाठी निरुपयोगी. त्याची एक पिन बदलून जोडली की 80 वाचने मिळतात. तरीही दोन वाचनांत 12.5 मिलिसेकंद जातात आणि अर्ध्या सेकंदाच्या उडीत दीड सेंटीमीटरची चूक शिल्लक राहते. सेकंदाला किमान 500 वाचने देणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, नाहीतर पाय टेकताच जुळणारी आणि उचलताच तुटणारी साधी स्विच-चटई वापरावी. पण चटईला फसवता येते: हवेत गुडघे पोटाशी घेतले की पाय उशिरा टेकतात आणि उंची फुगते. जमिनीवरच्या सूचनेतच ‘पाय सरळ ठेवून उतरा’ असे चित्र हवे. शेजारी उंचीच्या खुणा रंगवलेला खांब उभा केला तर बघणारेच फसवणूक पकडतात.

धावण्याच्या मार्गात जागेचा हिशेब चुकतो. आराखड्यात 10 मीटर धाव दाखवलेली असते आणि अकराव्या मीटरला भिंत. समोर भिंत दिसली की माणूस सातव्या मीटरपासूनच वेग कमी करतो. मग मोजली जाते ती त्याची थांबण्याची तयारी. आमचे मत असे की 5 मीटर मोजा, पण पुढे निदान 6 मीटर मोकळे ठेवा, शेवटच्या भिंतीला उभी जाड गादी लावा आणि जमिनीला रबरी आवरण द्या. वेळ घेणारे प्रकाशझोत एकाच उंचीवर लावले तर धड पोचण्याआधी हात किंवा गुडघा झोत तोडतो. म्हणून प्रत्येक रेषेवर दोन उंचींवर दोन झोत लावावेत आणि दोन्ही एकदम तुटले तरच वेळ धरावी. मुलांची उंची लक्षात घेऊन वरचा झोत प्रौढांच्या छातीपेक्षा खाली यावा लागतो.

मग तुलना येते, आणि इथे सर्रास गल्लत होते. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले. त्या शर्यतीत 60 ते 80 मीटरच्या टप्प्यात त्याचा वेग ताशी 44.72 किलोमीटर होता. उभ्याने सुरुवात करणाऱ्या शाळकरी मुलीचा पाच मीटरचा सरासरी वेग या आकड्याशेजारी ठेवणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना. बोल्टचे पहिले 10 मीटर प्रतिक्रियेच्या वेळेसकट 1.89 सेकंदांत झाले होते. तुलना करायची तर शर्यतीच्या या टप्प्याशी करावी.

चेंडूचा वेग मोजणाऱ्या रडारची जागा बहुधा सोयीने ठरते, बाजूच्या खांबावर. रडार फक्त आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेग मोजते. फेकीच्या रेषेशी 20 अंशांचा कोन असेल तर ताशी 100 चा वेग 94 दिसतो. रडार लक्ष्याच्या मागे, फेकीच्या रेषेत हवे आणि त्याच्यापुढे नायलॉनची जाळी. धातूची जाळी रडारच्या लाटा परतवते. जवळ फिरता पंखा असेल तर कोणी चेंडू फेकलेला नसतानाही आकडे उमटतात, म्हणून पंखा हलवावा आणि ठरावीक वेगाखालचे वाचन सॉफ्टवेअरने सोडून द्यावे. सुरक्षेसाठी फोमचा चेंडू ठेवला तर त्यावरून लाटा क्षीण परततात. तिथे एकमेकांपासून एक मीटरवर लावलेले दोन प्रकाशपडदे (एका ओळीत लावलेले अनेक प्रकाशझोत) जास्त भरवशाचे: ताशी 60 किलोमीटरचा चेंडू हे अंतर 60 मिलिसेकंदांत कापतो आणि साधा मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप) तेवढी वेळ सहज मोजतो.

प्रतिक्रियेचा वेळ मोजणारा खेळ सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त बिघडलेला तोच आढळतो. टचस्क्रीनवर हिरवे वर्तुळ दिसले की बोट टेकवायचे. दिवा पाहून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यात पडद्याचे चित्र बदलायला 17 मिलिसेकंदांपर्यंत, टीव्हीच्या चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेला आणखी कित्येक मिलिसेकंद आणि स्पर्श ओळखायला तितकेच, असा उशीर मिसळतो. हा उशीर यंत्राचा असतो आणि पाहुण्याच्या नावावर लागतो. एलईडी दिवा आणि मोठे आर्केड बटण एकाच मायक्रोकंट्रोलरला जोडा, वेळ त्यानेच मोजावी, पडद्याने फक्त निकाल दाखवावा. बटणाचे धातूचे टोक दाबताना थरथरते, तेव्हा पहिला स्पर्श धरून पुढचे 20 मिलिसेकंद दुर्लक्षित करावेत. दिव्यासोबत आवाजाचीही फेरी ठेवली तर कान डोळ्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो हे पाहुण्याला स्वतःच्या आकड्यांतून कळते. मैदानी स्पर्धांत इशाऱ्यानंतर 0.1 सेकंदाच्या आत निघालेल्या धावपटूची सुरुवात चुकीची का धरतात, हे त्यानंतर समजावणे सोपे जाते.

शरीराची ठेवण ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल थोडे. मीडियापाइपसारखी सॉफ्टवेअर साधने साध्या कॅमेऱ्यातून शरीरावरचे 33 बिंदू शोधतात. शरीराचा प्रत्येक भाग किती दूर आहे ते मोजणारा खास कॅमेरा प्रत्येक वेळी लागत नाही. तो घेतलाच तर एकाच कंपनीच्या यंत्रावर सगळी भिस्त ठेवू नये. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा असाच कॅमेरा 2010 मध्ये आला आणि 2017 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे अझुर किनेक्टचेही 2023 मध्ये तेच झाले. त्यांच्यावर उभ्या असलेल्या दालनांना सुटे भाग मिळणे अवघड होते. साधा कॅमेरा लावतानाही आडवा लावला तर तीन मीटरवरून हात वर केलेला उंच माणूस चौकटीत मावत नाही. तोच कॅमेरा उभा फिरवून बसवा, प्रश्न मिटतो. उजेड कमी असला की कॅमेरा आपोआप चित्रांची गती 30 वरून 15 वर आणतो आणि पडद्यावरची आकृती मागे पडते. समोरून स्थिर उजेड द्यावा आणि एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड आत घेतो ते) हाताने ठरवून ठेवावे. मागून जाणारा दुसरा माणूस आकृती पळवतो, म्हणून जमिनीवर वर्तुळ आखून त्यातल्याच शरीराचा पाठलाग करायला सॉफ्टवेअरला सांगावे. आणि मुलांच्या चित्रफिती साठवू नयेत. बिंदू काढून झाले की चित्र त्याच क्षणी पुसले जावे आणि तसे दाराशीच लिहिलेले असावे.

रांगेचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी होत नाही. एका पाळीला सूचनेसकट एक मिनिट लागत असेल आणि 40 मुलांच्या गटाला 20 मिनिटे मिळणार असतील, तर निम्मी मुले नुसती उभी राहतील. दोन जागा करा किंवा पाळी 30 सेकंदांवर आणा. सूचना पडद्यावर परिच्छेदाने लिहिण्याऐवजी जमिनीवर पावलांचे ठसे रंगवले तर पुष्कळ वेळ वाचतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी बटण जमिनीपासून 80 ते 110 सेंटीमीटरमध्ये आणि टेबलाखाली गुडघ्यांना किमान 70 सेंटीमीटर उंच मोकळी जागा हवी. बसून करता येईल अशी फेकीची किंवा प्रतिक्रियेची चाचणी मूळ आराखड्यातच असावी. नंतर जोडलेली सोय कोपऱ्यात जाते.

काही गोष्टींना तर वीजही लागत नाही. माइक पॉवेलने 1991 मध्ये टोकियोत 8.95 मीटर लांब उडी मारली. जमिनीवर तेवढ्या लांबीची पट्टी आखा आणि लोकांना तिच्या एका टोकाला उभे करा. हाविएर सोतोमायोरची 1993 ची 2.45 मीटर उंच उडी डोक्यावर आडव्या दांडीने दाखवा. या दोन्हींपाशी माणसे पडद्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळतात, असा आमचा अनुभव आहे. उलट, सर्वोत्तम गुणांचा फलक आठवड्यात दमदार तरुणांच्या हाती जातो आणि बाकीचे प्रयत्नच सोडतात. फलक रोज कोरा व्हावा आणि पाहुण्याला त्याचीच पहिली आणि दुसरी पाळी शेजारी दाखवावी.

फ्रँक ओपनहायमर यांनी 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात प्रदर्शने तिथल्याच कार्यशाळेत बनतात आणि कच्च्या स्वरूपात लोकांपुढे ठेवून सुधारली जातात. आपल्या निविदांमध्ये या टप्प्याला वेळच नसतो. पुठ्ठा, लाकडी फळी आणि एक लॅपटॉप यांवर महिनाभर चाचणी घ्या. लोक कुठे अडतात, कशावर चढतात, काय उपटून काढतात ते तेव्हाच दिसते. करारात सॉफ्टवेअरचा मूळ कोड, वायरिंगचा नकाशा आणि प्रत्येक सेन्सरचे दोन जादा नग मागा. वीज जाऊन आली की यंत्राने कोणाचाही हात न लागता सुरू व्हावे आणि अडकल्यास स्वतः पुन्हा चालू व्हावे, ही अट घाला. उडीच्या चटईवर रोज सकाळी वजन ठेवून-उचलून आणि धावेच्या झोतांत पट्टी फिरवून तपासणी करायला कर्मचाऱ्याला दहा मिनिटे पुरतात. ती नोंदवहीत लिहिली जावी आणि सलग दोन दिवस वाचन चुकले तर ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावे.

आपले,
संवादी दालनांच्या आखणीत काम करणारे काही वाचक