विहिरीचा वळसा सांगणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्री आमच्या दुर्बिणीची तुटलेली केबल शोधून दिलीत, त्याबद्दल तोंडी आभार मानायला गेलो तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच मोडलात आणि चहा पुढे केलात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितोय. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तुमच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्यातल्या १४ मधल्या चौकात दाटीनं उभ्या आहेत आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर, गावोगावच्या शेताशिवारांत. सगळ्यांत दूरच्या जोडीत २५ किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. प्रत्येक डिशनं ऐकलेलं सगळं ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत येतं, आणि डिशनं कुठे वळायचं हा हुकूमही फायबरमधूनच जातो. "एवढं खणत बसण्यापेक्षा टॉवर का नाही उभारत?" असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. प्रश्न चोख होता. पण ही दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्यांच्या पट्ट्यातच मोबाइलच्याही काही लहरी येतात. आपणच शेजारी टॉवर लावला तर आकाशातलं क्षीण काही कानावर पडायचं नाही. म्हणून जमिनीखालून काचेचा धागा.

त्या संध्याकाळी तुमच्या बाजूच्या फाट्यावरच्या टोकाच्या दोन डिश एकदम गप्प झाल्या. दोनच तर गेल्या, असं वाटेल. पण दोन-दोन डिशनी ऐकलेलं जुळवूनच आकाशाचं चित्र बनतं, म्हणून आमच्याकडे हिशेब जोड्यांचा असतो. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. दोन गेल्या की उरतात ३७८. त्यातून टोकाच्या गेल्या म्हणजे सगळ्यांत लांब जोड्या गेल्या, आणि चित्रातला बारीक तपशील त्यांच्यावरच अवलंबून. ती रात्र कुणा संशोधकाला आधीच नेमून दिलेली होती.

केबल कुठे तुटली हे शोधायला आम्ही ओटीडीआर लावतो. ते यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणारा उजेड किती वेळानं आला त्यावरून अंतर सांगतं. आकडा बरोबरच असतो, पण तो फायबरच्या लांबीचा. जमिनीवर तेवढंच चालत गेलं की तिथे तुटलेलं काही सापडेलच असं नाही. केबलच्या दर जोडापाशी जादा फायबर गुंडाळून ठेवलेलं असतं आणि चरही सरळ गेलेला नसतो. आमच्या जुन्या नकाशावर मात्र सरळ रेघ. त्या रेघेवर उभे राहून आम्ही उसात टॉर्च मारत होतो. माती जशीच्या तशी, कुदळ लागल्याची खूण नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. "इथं कशाला शोधताय? विहिरीला वळसा आहे. कातळ लागला होता, मीच होतो की खणायला." नव्वदच्या दशकात रोजंदारीवर खणलेला चर तुम्हाला बांधाबांधासकट आठवत होता! विहिरीपलीकडे गेलो तर कुणीतरी पाइपलाइनसाठी जेसीबी चालवून त्याच दिवशी बुजवलेला ताजा पट्टा. खाली आमची केबल चिरडलेली.

पुढचं काम किचकट होतं. १२५ मायक्रॉनचा एकेक धागा सोलून, पुसून, सरळ कापून स्प्लायसिंग मशीनमध्ये वितळवून जोडायचा. धुळीचा कण बसला तरी जोड वाया. वारा सुटला होता. तुम्ही ताडपत्री धरून उभे राहिलात आणि तुमचा नातू बिबट्यासाठी डबा बडवत राहिला. (जुन्नर तालुक्यात याचं स्पष्टीकरण लागत नाही.) त्या आवाजात माझे हात थरथरले नाहीत याचं श्रेय मी स्वतःकडे ठेवतो. बाकी सगळं तुमचं.

इथल्या निरीक्षणांवर शोधनिबंध निघतो तेव्हा शेवटी बहुधा जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचे आभार असतात. तुमचं नाव आमच्या कुठल्याच हजेरीपटावर नाही, म्हणून ही वेगळी चिठ्ठी.

नकाशात विहीर आता घातली आहे. ओढ्याकडच्या तुकड्यातही असाच वळसा आहे म्हणालात, तो अजून राहिलाय. टोमॅटोची लागण सुरू व्हायच्या आत जीपीएस आणि खुणेचे दगड घेऊन येतो. तोवर त्या अंगाला कुणी जेसीबी आणलाच, तर आधी मला फोन करा, रात्री-अपरात्रीही चालेल. चहा या खेपेला माझ्याकडून.

तुमचा,
केबलवाला साहेब
(तुम्हीच ठेवलेलं नाव)