पाईपवरचा ६ किलो बाहेरच्या दाबाचा नसतो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या वर्षी माझी नवीन ट्यूबवेल बसली. रावेर तालुक्यात केळीवाल्यांना हे सांगायला नको, आमच्याकडे खाली दगड लवकर लागतच नाही, गाळाची माती आणि वाळू, म्हणून बोअर ढासळू नये यासाठी खालपर्यंत पाईप (केसिंग) घालावाच लागतो. माझी २०० फूट, आणि बोअर साफ करतानाच तिचा पाईप आत पिचकला. गावात सगळे म्हणाले पाईप डुप्लिकेट होता, मी पण दुकानदाराला चार शब्द सुनावले, पण आता वाटतं चूक निम्मी माझीच.

झालं असं की पैसे वाचवायला मी केसिंगचा पाईप न घेता शेतात लाईन टाकतो तोच पीव्हीसी घेतला. त्यावर ६ किलो छापलेलं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ६ किलो दाब, आणि मी स्वतःला हुशार समजून हिशोब केला की १० मीटर पाण्याला १ किलो दाब, म्हणजे २०० फुटाला ६ किलो, बरोबर बसतंय! पण तो ६ किलो आतल्या पाण्याचा असतो. आतून दाब आला की पाईप ताणला जातो आणि गोलच राहतो. बोअरमधल्यासारखा बाहेरून आला की तो जिथे जरासा लंबगोल असेल तिथे अजून चपटा होतो, आणि जितका चपटा तितका कमजोर, मग एकदम पिचकतो. घरच्या इंजिनाचा सक्शन पाईप बघा ना, त्यात कडक गुंडाळी असते, आणि डिलिव्हरीचा पाईप नुसता लपेटा, तो सक्शनला लावला तर क्षणात चिकटून बसेल. हे रोज बघतो आपण, पण बोअरच्या वेळी डोक्यात येत नाही.

अजून एक गोष्ट मला नंतर कळली. पाईपची जाडी निम्मी केली तर आतल्या दाबाची ताकद साधारण निम्मी होते, पण बाहेरच्या दाबाची आठव्या हिश्शावर येते. म्हणजे ६ किलोचा पाईप बाहेरून ३ किलोला पण दबू शकतो, आणि पाईपभोवतीची खडी एका बाजूने ओतून तो आधीच वाकडा झाला असेल तर त्याहून आधी. इंग्लंडमधल्या विल्यम फेअरबर्न नावाच्या इंजिनिअरने १८५८ मधे बॉयलरच्या नळ्या बाहेरून दाबून बघितल्या होत्या, नळी जितकी लांब तितकी लवकर दबते हे त्याला दिसलं, म्हणून मग मधेमधे कडी लावायला लागले. सक्शन पाईपची गुंडाळी तीच की!

तरी पाणी दोन्हीकडे सारखं असतं तोवर काही होत नाही, बुडालेल्या पोकळ नळीला आतलं पाणीच टेकू देतं. माझ्याकडे पाणी ९० फुटावर होतं. बोअर साफ करायला कॉम्प्रेसर लावला, गड्याने पूर्ण जोरात सोडला आणि आतलं सगळं पाणी एका दमात बाहेर फेकलं. पाईपला पाणी आत यायच्या जाळ्या असतात, त्या गाळाने बुजलेल्या, त्यामुळे बाहेरचं पाणी आत यायला वेळ, म्हणजे तळाशी १०० फुटाच्या वर फरक, ३ किलो तिथेच झाले. कॅमेरा सोडला तर १८० फुटाजवळ पाईप पिचकलेल्या शेंगेसारखा. २०२३ च्या जूनमधे टायटन पाणबुडी टायटॅनिकजवळ दाबाने चिरडली तेव्हा पारावर आम्ही चार दिवस तेच बोलत होतो, आणि स्वतःच्या बांधावर मात्र अक्कल चालली नाही.

केसिंगसाठी आयएस १२८१८ हे वेगळं मानक आहे, त्यात पाईपचे वर्ग आहेत, सीएस ८० मीटर खोलीपर्यंत, सीएम २५० पर्यंत, सीडी ४५० पर्यंत. दुकानदारांनी बिलावर हा वर्ग लिहून द्यावा, आणि बोअरच्या गाडीवाल्यांनी कॉम्प्रेसर थोडा थोडा सोडावा, आत पाणी येऊ द्यावं, मग परत. एवढं छापलंत तर बरं होईल, आमच्याकडे मार्चपासून गाड्या फिरायला लागतात.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव