उन्हाळी संशोधन आणि ‘काय शोधलं?’

महोदय,
सुट्टीत खगोलशास्त्राचा उन्हाळी संशोधन प्रकल्प करून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला ‘काय शोधलं?’ असं विचारायची खोड सोडायला हवी. त्या आठ-दहा आठवड्यांतला बहुतेक वेळ प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यात आणि गोंगाटातून संकेत वेगळा करण्यात जातो. खगोलशास्त्राचं खरं काम तेच. पहिला जलद रेडिओ स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून आलेला रेडिओ लहरींचा क्षणिक झोत, असाच सापडला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी चाळताना तो डेव्हिड नार्केविक या पदवीच्या विद्यार्थ्याला दिसला आणि २००७ मध्ये जाहीर झाला. पाच मिलिसेकंदही न टिकलेला स्फोट, नोंदींत वर्षानुवर्षं पडून! असं भाग्य क्वचितच, हे खरं. पण या विद्यार्थ्यांना मानधन न देता राबवून घेणं थांबवा. सुट्टीत कमवावंच लागणारी मुलं नाहीतर अर्जही करणार नाहीत.

— भौतिकशास्त्राची एक शिक्षिका