ब्रेकच्या डिस्कवरचा आकडा बघून घ्या

महोदय,

माझी पिकअप 12 वर्षांची. नाशिकची भाजी भरून पहाटे दादरला उतरवतो. गेल्या महिन्यात कसारा घाटात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. भांडुपच्या मेस्त्रीने डावं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं, तर खडखड! बेअरिंगसकट हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) गेलेला. ब्रेकची डिस्क, म्हणजे ब्रेक दाबला की पकडली जाणारी चाकामागची चकती, कडेला कोरलेल्या किमान जाडीपेक्षाही पातळ झालेली.

सुटे भाग आणायला गेलो. दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हणून डिस्कची जोडी पुढे केली, तिच्यावर जाडीचा आकडाच नाही. बिल मागितलं तर म्हणे, "शेठ, बिलाचे वेगळे पडतील." निघालोच तिथून. दुसरीकडे दीडपट मोजले, पण पक्कं बिल घेतलं.

उजवा हब धड होता. त्याचा गंज तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय मेस्त्री डिस्क चढवेना. मधे गंजाची कपची राहिली तरी नवी डिस्क डुलते म्हणे. (माझा अर्धा दिवस गेला, पण त्याचं बरोबर होतं.)

बिनबिलाचे ब्रेकचे भाग असे उघड विकले जातात. संबंधित खात्याने या दुकानांत एकदा साध्या गिऱ्हाइकासारखं जाऊन यावं.

- एक पिकअपचालक, भांडुप